दामलेकाकांची शाल

ओहायोतल्या डब्लिन गावात दामलेकाकांच्या दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर एक कापड काचेत बसवून लावलेलं होतं. दर शनिवारी ती काच पुसायचं काम माझं. मी स्टुलावर चढून ओल्या वर्तमानपत्रानं काच पुसायची आणि खालून, आरामखुर्चीतून, काका म्हणायचे, "शकू, जपून. काच फुटली तरी चालेल, शाल तेवढी सांभाळ."

"आणि मी पडले तर?" असं विचारावंसं वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही. त्या घरात मी फारसं काही विचारायची नाही.

मी कराडची. वडील गेले आणि आठवीतच माझी शाळा सुटली. आईच्या हाताखाली पापड, शेवया, कुरडया करायला लागले. काकांची बायको सुधामावशी माझ्या आईची मावसबहीण. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली, साधी वेणी घालता येईना, तेव्हा तिनं आईला कळवलं की शकूला माझ्याकडे पाठव. बाकी सगळे कागद काकांनी केले. विमानात बसवायला आलेल्या आईनं एवढंच सांगितलं, "त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस." मी इतकी त्यांच्या शब्दात राहिले, की सोफ्यावर पाठ टेकून बसायलाही मला भीती वाटायची. पोस्टमनची गाडी वळणावर दिसली की हातातलं काम थांबायचं. वाटायचं, मला परत पाठवायचं पत्र आणलंय यानं.

काका त्या पोस्टमनलाही सोडायचे नाहीत. काका उंच, किंचित पोक काढून चालणारे, नाकावर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा. बाहेर बर्फ पडलेलं असलं तरी घरात चौकड्यांचा सारोंग, म्हणजे आपली लुंगीच, आणि तशीच वर ओव्हरकोट चढवून फावडं घेऊन बाहेर. समोरच्या गोऱ्या बाई पडद्याआडून बघत बसत. पोस्टमन आला की काका त्याला इंग्रजीत विचारणार, पोट साफ होतं ना? तो बिचारा आधी लाल व्हायचा. पुढे पुढे गाडीतूनच ओरडायला लागला, "ऑल क्लिअर, डॉक!"

काकांचं दुसरं वाक्य म्हणजे "सोमवारी बघू." नळ गळतोय? सोमवारी बघू. गॅरेजचं दार अडकतंय? सोमवारी. मावशी म्हणायची, "यांच्या घरात आठवडा रविवारी संपतो आणि मंगळवारी सुरू होतो." पण हॉस्पिटलातून फोन आला की हा माणूस अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून निघायचा. सोमवार होता तो फक्त स्वतःच्या कामांसाठी. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता त्या कापडाविषयी. काका पुण्याचे. तरुणपणी त्यांना तिथल्या हॉस्पिटलात काहीतरी अपमान सोसावा लागला, नेमका काय ते मावशीनंही कधी सांगितलं नाही. त्या रागात त्यांनी बोर्निओत, सारवाकला, सरकारी डॉक्टरची नोकरी धरली. तिथे नदी हाच रस्ता. औषधांच्या पेट्या होडीत घालून वरच्या अंगाला जायचं. तिथले इबान लोक नदीकाठी खांबांवर बांधलेल्या लांबच लांब घरांत राहतात. आपल्या चाळीसारखं, एका रांगेत बिऱ्हाडं आणि पुढे सगळ्यांची मिळून एक पडवी. पुढे तिथून काका-मावशी अमेरिकेत आले. बरोबर आणलेल्या सामानातलं टिकलं ते एवढंच, हे कापड.

कापड होतं मात्र बघण्यासारखं. काताचा लाल, त्यावर जवळजवळ काळा, मधूनच जुन्या हस्तिदंताचा पांढरा. नक्षीत मगर आहे म्हणावं तर ती वेल व्हायची, वेल म्हणावी तर तिला हात फुटायचे. दोन पट्ट्या विणून मधोमध शिवलेल्या. आमच्याकडे येणारी सगळी माणसं त्याला काकांची शाल म्हणत, कारण काकाच तसं म्हणत.

दिवाळीला, गणपतीला, कुणाच्या मुंजीनंतर, चिवड्याच्या बश्या फिरल्या की कुणीतरी म्हणायचं, "काका, शालीची गोष्ट होऊ दे." काका आधी आढेवेढे घेणार. मग उठून फायरप्लेसपाशी उभे राहणार.

"नदीला पूर आलेला. होडी पुढे जाईना. त्या घरात एका म्हातारीचा नातू तापानं फणफणलेला. इनी म्हणायचे तिला सगळे, इनी म्हणजे आजी. मी तिथेच राहिलो. पोर वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूजा मांडली. आणि माझ्या हातात काय दिलं असेल?"

इथे सगळी पोरं ओरडायची, "चिकन!"

"कोंबडा! जिवंत! दामल्यांच्या घरात अंडं नाही आलेलं, आणि मी कोंबड्याचे पाय धरून उभा. म्हणाले, सगळ्यांवरून ओवाळा. ओवाळला! आई औक्षण करायची तस्सा ओवाळला." आणि काका हवेत हात फिरवून दाखवत. "त्याआधी त्या इनीनं खोलीतून हे आणलं आणि माझ्या खांद्यांवर घातलं. पुण्यात मला कुणी साधा पंचा दिला नव्हता हो. तिथे, कुठल्या कोण बाईनं, स्वतःच्या हातची शाल घातली. सकाळी मी घडी करून पिशवीत ठेवली. निरोप घेतला. आख्खं घर पडवीत उभं, आणि..."

मग अमेरिकेत वाढलेली ती पोरं एका सुरात म्हणायची, "नोबडी सेड अ वर्ड!"

"एकाच्या तोंडून शब्द नाही," काका म्हणत. चष्मा काढून पुसत. "इतकं प्रेम."

"डॅडी, नॉट अगेन," म्हणत त्यांची मुलगी नीता स्वयंपाकघरात यायची आणि माझ्या ताटातली भजी उचलायची. मावशी हसायची. मी किती वेळा ऐकली असेल ती गोष्ट, पण "शब्द नाही" म्हणताना काकांचा आवाज दर वेळी तसाच बसायचा.

मावशी एका हिवाळ्यात गेली. मला वाटलं, आपलं काम संपलं, आता आपली बॅग. तेराव्याला काकांनी मला हाक मारून एवढंच म्हटलं, "शकू, उद्यापासून भात थोडा मऊ कर." झालं. कुठेही जायचं नव्हतं. मी गॅरेजमध्ये जाऊन रडून घेतलं.

त्यानंतरच्या दिवाळीला युनिव्हर्सिटीतला प्रशांत आला. नागपूरचा, पीएचडी करणारा, दर सणाला उपाशी असल्यासारखा यायचा. बरोबर वर्गातली एक मुलगी. "काका, ही सेंडी. तुमच्या सारवाकची आहे यार! इबान!"

काकांना काय आनंद झाला! सेंडीचे दोन्ही हात धरून ते कुठल्याशा भाषेत काहीतरी बोलले. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "अंकल, तुम्ही अगदी आमच्या म्हाताऱ्यांसारखं बोलता." मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. आम्ही सगळे फायरप्लेसपाशी बसलो होतो. ती त्या कापडाखालची जागा सोडून पलीकडे, जमिनीवर बसली. तेव्हा मला वाटलं, लाजली असेल.

काकांनी गोष्ट सांगितली. इंग्रजीतून, तिच्यासाठी. पुराला तिनं मान डोलावली. कोंबड्याला तर पोट धरून हसली. पोरांनी "नोबडी सेड अ वर्ड" म्हटलं, काकांनी चष्मा काढला, आणि मी बघितलं, सेंडी हातातल्या बशीकडे बघत होती. तिच्याही तोंडून शब्द नाही.

काकांच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं नाड्या बघितलेला माणूस. "काय झालं? बोल ना."

"काही नाही, अंकल. सुंदर आहे."

"बोल म्हणतोय मी."

तिनं फार हळू विचारलं, "त्यांनी हे तुम्हाला दिलं होतं? की खांद्यांवर घातलं होतं?"

"म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. पूजा करणाऱ्याच्या अंगावर घरातलं चांगलं पुआ घालायचं, अशी पद्धत. पुआ म्हणजे हेच कापड. पूजा झाली की त्यानं ते उतरवून चटईवर ठेवायचं. ते त्या घराचं असतं, त्या बिऱ्हाडातून बाहेर जात नाही. हे असलं तर बाई आयुष्यात एखादंच विणते. आधी त्याची नक्षी स्वप्नात दिसावी लागते.

"मग ते कुणी बोललं का नाही?" काका जवळजवळ ओरडलेच.

"तुम्ही पाहुणे होता, अंकल. आणि मुलाला वाचवलं होतं. पाहुण्याला परत कसं मागायचं?"

चिवड्याच्या बशीवर कुणाचातरी चमचा वाजला. काका उभेच होते. ते कुठेतरी लांब बघत होते, आणि मला खात्री आहे, त्यांना ती पडवी दिसत होती, त्यातला एक एक चेहरा. खांद्यावर पडली की शाल आपली, हे आपल्या कुठल्या मराठी माणसाला शिकवावं लागतं? हारतुरे, नारळ, शाल, फोटो. त्यांनी ती घडी घालून पिशवीत टाकली, आपण कुणीही टाकली असती.

जाताना दारात बूट घालता घालता सेंडीनं आणखी एक सांगितलं. म्हातारीला ते लागेल. माणूस गेलं की पडवीत त्याच्याभोवती चारी बाजूंनी पुआ लावून खोलीसारखं करतात. आपण विणलेलं आपल्याभोवती असावं, असं प्रत्येक बाईला वाटतं.

काकांनी पाहुणे जायच्या आत चौकट उतरवली.

सेंडीचे वडील तिकडच्या बाजाराच्या गावात मास्तर होते. नदीचं नाव काकांना पाठ होतं, त्यावरून मास्तरांनी येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना विचारत विचारत घर शोधलं. नाताळच्या सुमारास निरोप आला: इनी आहे. डोळे गेलेत, अंथरुणावर आहे, पण आहे.

नीता म्हणाली, "डॅड, कुरियरनं पाठवून दे. इन्शुअर करून."

"चोर पार्सलनं माल परत पाठवतो का?" काका म्हणाले. "मी स्वतः जाणार. सोमवारी एजंटला फोन करतो."

बॅग भरली. तीत खोकल्याचं औषध, मासे धरायचे गळ, टॉर्च, मुलांसाठी चॉकलेटं. कापड मावशीच्या धुतलेल्या पांढऱ्या साडीत गुंडाळून सगळ्यात वर. ती बॅग जिन्याखाली उभी राहिली. मी तिच्याभोवतून व्हॅक्यूम फिरवायची. सोमवार आला की काका फोनपाशी बसायचे, नंबर फिरवायचे, पलीकडून आवाज आला की ठेवून द्यायचे. मग मला म्हणायचे, "लाइन बिझी आहे." मी "हो" म्हणायची. त्यांना हाच तर आवाज घरात हवा होता, हो म्हणणारा.

एकदा कांदा चिरता चिरता मी धीर केला. "काका, मी लावून देऊ का फोन?"

ते खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "शकू, मी तिथे जाऊन उभा राहिलो ना, की ते परत गप्प बसतील. पाट देतील, पाणी देतील, आणि गप्प बसतील. ते सोसवणार नाही मला."

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळानं शाळेचा हॉल घेतला होता. काकांचा सत्कार ठरला होता. आधीच ठरला होता, नाही म्हणणार कसं? अध्यक्षीणबाईंनी भाषण केलं, न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून मागवलेली शाल त्यांच्या खांद्यांवर घातली, हातात नारळ दिला. टाळ्या. फोटो. काकांनी नारळ टेबलावर ठेवला, शाल खांद्यावरून काढली, पदराला पदर जुळवून नीट घडी घातली आणि परत तबकात ठेवली.

"काका, अहो, तुमचीच आहे ती!"

"नाही, नाही. झालं ना आता? राहू दे इथेच."

"अहो, घ्या हो! आम्हाला वाईट वाटेल."

"नक्की दिलीत?" काकांनी विचारलं. माइक चालू होता. "विचारून घेतो आपला. मागाहून सांगू नका."

हॉलमध्ये हशा झाला. परतताना पार्किंगमध्ये कुणीतरी म्हणालंसुद्धा, "म्हातारा वहिनी गेल्यापासून जरा सटकलाय." कुणी म्हणालं, "शाल हलकी वाटली असेल. काश्मिरी हवी होती." शाल तबकातच राहिली. गाडी काकाच चालवत होते. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी उभी, मागून हॉर्न.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा एका दुपारी सेंडी आली. एकटीच, बसनं. दाराशी बूट काढले आणि तिथेच उभी राहिली. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसले.

"कधी?"

"मागच्या आठवड्यात, अंकल. बाबांनी फोन केला."

काका मान हलवत राहिले. मग विचारलं, "सगळं नीट केलं ना त्यांनी? बाजूंना लावलं सगळं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती पोरगी तशी नव्हती. "घरातली बाकीची कापडं होती. एका बाजूला कमी पडलं. तिथे बाजारातून चादर आणून लावली. फुलाफुलांची."

"रंग कुठला?"

काकांनी हे का विचारलं, मला आजही माहीत नाही.

"पिवळा," सेंडी म्हणाली.

त्या दिवशी गुरुवार होता. काकांनी उठून एजंटला फोन लावला, आणि ठेवला नाही.

काका तिकडे गेले, तीन-चार आठवडे राहिले, परत आले. तोवर माझं लग्न होऊन मी न्यू जर्सीला आले होते. लग्न सगळं नीतानं आणि काकांच्या पैशांनी लावून दिलं, काका मात्र तिकडे होते. त्यांचा फोन आला तो इकडे, नवऱ्याच्या किराणा दुकानावर. मी डाळीची पोती बाजूला करून जमिनीवरच बसले.

"काका, दिलंत?"

"दिलं. तिच्या नातसुनेनं घेतलं. तो पोरगा आता चांगला बाप्या झालाय, त्यानं पाया पडल्यासारखं केलं. आग्रह करकरून जेवायला वाढलं. तांदळाची दारू पुढे केली, मी बोट बुडवून तोंडाला लावलं."

"आणि... काय म्हणाले?"

"कापडाविषयी? एक अक्षर नाही." पुढे म्हणाले, "शिवी तरी द्यायची ना गं एखादी. तू एकटी बोललीस बघ, शकू. बाकी कुणी नाही."

पुढच्या वर्षी काका गेले. नीतानं कळवलं तोवर सगळं आटपलं होतं. त्यामुळे मला काका शेवटचे दिसतात ते डब्लिनजवळच्या कोलंबसच्या एअरपोर्टवरच.

तेव्हा सोडायला आलेल्या माणसाला थेट विमानाच्या दारापर्यंत जाता यायचं. आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो. पांढऱ्या साडीतलं गाठोडं काकांच्या मांडीवर, बॅगेत घालायला ते तयार नव्हते. सेंडीनं त्यांना तिच्या भाषेतलं एक वाक्य शिकवलं होतं: हे तुमचं आहे, माझ्याकडे राहिलं होतं. ते ओठातल्या ओठात घोकत होते. मधेच उठले.

"शकू, उभी राहा. तू इनी हो."

"मी? काका, लोक बघतायत."

"बघू देत. उभी राहा."

मी उभी राहिले. पर्स कुठे ठेवावी कळेना. काकांनी गाठोड्याची गाठ सोडली, कापड दोन्ही हातांवर घेतलं, सारोंगमध्ये नव्हे, चांगल्या इस्त्रीच्या पँटमध्ये, कमरेत वाकले आणि ते वाक्य म्हणाले. पहिल्यांदा अडखळले, म्हणून परत म्हणाले. कापड माझ्या हातांवर आलं. इतके शनिवार काचेवरून पुसलं, पण हाताला कधी लागलं नव्हतं. जाडसर होतं, आणि त्याला लाकडाच्या धुरासारखा वास होता, अजून.

काका वाकलेलेच होते. समोर एक गोरी आजी विणकाम थांबवून आमच्याकडे बघत होती. काका वाट बघत होते, आणि मला कळलं कशाची.

मी त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. त्यांच्याशी 'अहो-जाहो' सोडून बोलले नव्हते.  पण त्या इनीच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं होतं.

"इतका उशीर केलास?" मी म्हटलं. "मला हे लागलं तेव्हा कुठे होतास तू?"

काका सरळ झाले. त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली घसरला होता, आता नाकावर दोन चष्मे. त्यांनी दोन्ही काढले.

"चुकलो," ते म्हणाले. "उशीर केला मी. खरंच केला."

विमानाची हाक झाली. मी कापड परत साडीत गुंडाळलं, गाठ माझ्याकडून नीट बसेना, त्यांनीच बांधली. ओव्हरकोट काढून माझ्या हातात दिला, तिकडे लागणार नव्हता. मग गाठोडं छातीशी धरून ते रांगेत उभे राहिले. दारातल्या मुलीनं तिकीट घेता घेता ते गाठोडं धरायला हात पुढे केला.

काकांनी दिलं नाही. मान हलवून तिला काहीतरी म्हणाले, आणि आत गेले.